दोष नव्हे, आधार द्या



देहरक्षणासाठी सज्ज असलेली प्रतिकारशक्तीच स्वकीयांना परके समजून सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते, तेव्हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अर्थात आमवात जडतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन ते तीन पट अधिक आढळतो. सकाळी बोटे वळत नाहीत आणि घरातून ऐकू येते, ‘तू फार मनाला लावून घेतेस!’

यात सत्यांश आहे, न्याय नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात एक लाखाहून अधिक तणावग्रस्तांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांच्यात अशा व्याधींचे प्रमाण अधिक दिसले. परंतु आनुवंशिकता, धूम्रपान हीही कारणे आहेतच. मग एकट्या तिच्या स्वभावाला दोष का?

‘केवळ विश्रांती’ ही समजूतही मागे पडली आहे. त्याच वर्षी युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने व्यायाम हा उपचाराचाच भाग मानला. चालावे, पोहावे, सांधे सुजले असता बेताने. औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याविना थांबवू नयेत.

आणि कुटुंबीयांनी? उपदेश कमी करावा, सकाळची कणीक स्वतः मळावी. तिला फिरायला अर्धा तास मिळेल. सहानुभूती म्हणतात ती हीच.