बेळगावचे बाबा पदमनजी : संशयाकडून श्रद्धेकडे



बाबा पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावात, एका कासार कुटुंबात झाला. येथील मिशनच्या शाळेत ते शिकले, आणि १८५४ साली याच गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, त्या 'यमुनापर्यटन'ची (१८५७) चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते; तिच्या कर्त्याच्या अंतरंगातील उलथापालथीकडे मात्र क्वचितच कोणी वळतो.

त्यांना नास्तिक म्हणणे सैलपणाचे होईल. संशयवादी मात्र ते निश्चित होते. मुंबईस शिकत असता ते परमहंस मंडळीत गेले. १८४९ साली स्थापन झालेली ही गुप्त सभा जातिभेद व मूर्तिपूजा नाकारी. कोणताही ग्रंथ ईश्वरदत्त मानीत नसे. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. पण तो दार लावून! बाहेर येताच सोवळे पूर्ववत. आज याचे हसू येते. परंतु पंगतीतून उठवले जाणे म्हणजे आईबापांना अंतरणे, असा तो काळ होता. पुढे सभासदांची यादी चोरीस गेली आणि १८६० च्या सुमारास मंडळी पांगली.

काय टाकावे हे मंडळीने शिकवले. पापाचे ओझे कोणापुढे उतरवावे, याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. 'अरुणोदय' हे त्यांचे १८८८ चे आत्मचरित्र वाचताना मला तरी त्यांच्या ख्रिस्तशरणतेचे मूळ येथेच दिसते. बुद्धीला पटणे आणि चारचौघांत कबूल करणे यांतील अंतर त्यांना फार जड गेले. तरीही अखेरचे पाऊल त्यांनी मुंबईच्या गर्दीत नव्हे, तर जेथे घरोघर ओळख होती अशा आपल्या गावात उचलले. त्यांचा धर्म मला पटो वा न पटो, या धैर्यापुढे मी नम्र होतो.

एक मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. हिंदू शास्त्रांना त्यांनी लावलेली तर्काची कसोटी बायबलला तितक्याच कठोरपणे लावलेली दिसत नाही. त्यांच्या खंडनपर लेखनातील धार कित्येकांना बोचली, यात नवल नाही.

पण ज्या समाजातून ते बाहेर पडले, त्याच्याकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी त्यांनी कादंबरी लिहिली ती हिंदू विधवांच्या दुःखावर. आणि १८६० मध्ये मराठी समानार्थी शब्दांचा कोश सिद्ध केला, 'शब्दरत्नावली'.