कस्टर्डावाचून फळांचे आइस्क्रीम

(मंडळाच्या वार्षिक संमेलनानिमित्त कोल्हापूर येथे भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी "घरास उपयोगी पडेल असे काही सांगा" अशी आज्ञा केली, तेव्हा मी आइस्क्रीमचा विषय निवडला. कित्येकांस तो या व्यासपीठावर हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्याकडील मुंज, बारसे, साखरपुडा यांतील कोणतेही कार्य घ्या, जेवणाच्या अखेरीस आइस्क्रीम येते आणि त्याच वेळी पंक्तीच्या एखाद्या टोकाकडून एक प्रश्नही येतो : "यात अंडे नाही ना?" विचारणारी बहुधा घरातील एखादी आजी किंवा आत्याबाई असते. वाढणारा मुलगा म्हणतो, "ठाऊक नाही, कस्टर्ड घातले आहे." तेवढे ऐकून वाटी परत केली जाते. ज्यांच्या आशीर्वादासाठी सर्व गोतावळा जमवावयाचा, त्यांनीच शेवटच्या घासास मुकावे, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. म्हणून पंक्तीतील प्रत्येकास निःशंकपणे खाता येईल आणि चवीतही तसूभर उणे पडणार नाही, असे फळांचे आइस्क्रीम घरी कसे करावे, हे मी आज सांगणार आहे.

प्रथम कस्टर्ड म्हणजे काय ते पाहू. मूळचे कस्टर्ड म्हणजे दुधात अंड्याचा बलक घालून मंद आचेवर घट्ट केलेली लापशी. आपल्या घरांत डब्यातून येते ती कस्टर्ड पावडर मात्र निराळी. इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या गृहस्थाने ती 1837 साली तयार केली, आणि कारण असे की त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे. म्हणजे ही पावडर मुळात अंड्याऐवजीच जन्मास आली. तिच्यात मुख्यतः मक्याचे पीठ, रंग आणि व्हॅनिलाचा वास असतो. तेव्हा कस्टर्ड या एका शब्दावरून आत अंडे आहे की पीठ आहे, हे खाणाऱ्यास कळत नाही. आजीबाईंची शंका या दृष्टीने अगदी रास्त आहे.

अंडे चालणाऱ्या घरांनीही फळांच्या आइस्क्रीमात कस्टर्ड घालण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. बलकाचा वास व व्हॅनिलाचा सुगंध हे दोन्ही फळावर कुरघोडी करतात. पिठाचे लुकण जिभेवर बसले की फळाची चव उशिरा आणि बोथट होऊन पोचते. हापूस आंबा आंबा घाटातून किंवा गगनबावड्याच्या वाटेने आपल्या शहरात यावा, आपण तो पेटीने विकत घ्यावा, आणि मग पिठाखाली झाकून टाकावा, हा कोठला शहाणपणा? अमेरिकेतही अंड्यावाचून केवळ दूध, साय व साखर यांच्या आइस्क्रीमची जुनी रीत असून ती फिलाडेल्फिया शहराच्या नावाने ओळखली जाते. आपली कुल्फी तर कस्टर्डाच्या वाटेस कधी गेलीच नाही.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना. कस्टर्ड काही कामे करीत होते. ते नुसते काढून टाकले आणि त्याची कामे दुसऱ्या कोणावर सोपविली नाहीत, तर वाटीत आइस्क्रीमऐवजी दुधाचा बर्फ पडतो. ही कामे तीन. पहिले, दुधातील व फळातील मोकळे पाणी धरून ठेवणे, म्हणजे बर्फाचे खडे मोठे होत नाहीत. दुसरे, स्निग्धांश व पाणी यांचा मेळ राखणे. तिसरे काम आपल्या सहसा लक्षात येत नाही : कस्टर्ड शिजवावेच लागत असल्यामुळे दूधही आपोआप उकळले जात असे. आता या तिन्ही कामांची वाटणी करू.

पहिली दोन कामे आटीव दुधाने करावीत. म्हशीच्या दुधात सहा ते सात टक्के स्निग्धांश असतो. आपल्या कोल्हापुरास या दुधाची वाण कधीच नव्हती. दोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळून एक लिटर होईतो आटवावे. कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा दुधात मोडावी. दूध निम्मे झाले की थांबावे. पुढे आटवीत राहण्याचा मोह अनावर असतो, पण त्यात दोन तोटे आहेत. एक म्हणजे बासुंदीचा वास येऊन फळ मागे पडते. दुसरा असा की, दुधातील जी मूळची साखर असते, ती फार दाट झाल्यावर थंडीत कणीदार होते आणि आइस्क्रीम दाताखाली वाळूसारखे करकरते. आटीव दूध निवल्यावर त्यात पाव किलो ताजी, न आंबलेली साय किंवा क्रीम घोटून मिसळावे.

त्यानंतर साखर. एक लिटर आटीव दुधास सुमारे चारशे ग्रॅम हापूसचा रस घेतला, तर सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम साखर पुरते. साखरेमुळे मिश्रणाचा गोठण्याचा बिंदू खाली जातो. ती कमी पडली तर आइस्क्रीम दगडासारखे होते, अधिक झाली तर घट्टच होत नाही. थंडीने जिभेची गोडी मंदावते, म्हणून गोठविण्यापूर्वी मिश्रण किंचित अधिक गोड लागले पाहिजे. चिमूटभर मिठाने फळाची चव उठून दिसते.

आपण कोल्हापूरकर, तेव्हा "साखरेऐवजी गूळ का नको?" असा प्रश्न येणारच. गूळ उकळत्या दुधात पडला तर दूध फाटण्याचे भय असते. घालावयाचाच तर तो विरघळवून, गाळून, दूध पूर्ण गार झाल्यावर घालावा. परंतु गुळाची चव मोठी मानी असते. बरक्या फणसाच्या रसाशी तिचे जुळते. आंबा किंवा सीताफळ यांच्याशी ती भांडते.

आता फळांचा स्वभाव पाहू, कारण सर्व फळांस एकच नियम लावणारी सुगरण येथे फसते.

हापूसचा रस शिजवू नये. तो गाळून थंड करावा आणि थंड दुधात मिसळावा. गरम दुधात कोणतेही आंबटसर फळ घातले की दूध फाटते, हे ध्यानात असावे.

सीताफळ तर अग्नीचा स्पर्शही सहन करीत नाही. तापवले की त्याचा गर कडवट होतो. पिकलेला गर हाताने किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीवर हलकेच चोळून बिया वेगळ्या कराव्यात. बियांसह गर मिक्सरात कधीही फिरवू नये. त्या बिया फुटणे कडूच नव्हे, तर अपायकारकही आहे.

चिकू पूर्ण पिकलेला असावा, नाहीतर त्याचा चीक जीभ आवळतो. त्याची गोडी मुळातच अधिक, म्हणून साखर थोडी कमी करावी.

अननसाचा प्रकार उलटा. कच्च्या अननसात प्रथिने पचविणारे द्रव्य असते. त्यामुळे दूध फाटते आणि कडूपणा येतो. पुष्कळ गृहिणी दुधास दोष देतात, तो खरोखर अननसाचा असतो. बारीक फोडी साखरेबरोबर आठ-दहा मिनिटे चांगल्या उकळल्या की ते द्रव्य निकामी होते. मग त्या पूर्ण गार करून वापराव्यात. ताज्या अंजिरासही हीच खबरदारी घ्यावी.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत पाणी फार आणि आंबटपणाही बराच. ती साखरेत तासभर मुरवून, मंद आचेवर थोडी आटवून, गार करावी आणि आइस्क्रीम अर्धे घट्ट झाल्यावर घालावी. आपल्या डोंगरातील पिकल्या करवंदांसही हीच रीत लागू पडते. ती शिजवून, गाळून, बिया काढून घ्यावीत. कोणत्याही फळाच्या नुसत्या कच्च्या फोडी आइस्क्रीमात टाकल्या, तर त्यांतील पाणी गोठून त्या गारगोटीसारख्या लागतात. आधी साखरेत मुरवलेल्या फोडी मऊ राहतात.

आता गोठविण्याची क्रिया. बर्फाने पाणी गार करता येते. पण गोड दूध शून्य अंशावर गोठत नाही, त्यास त्याहून अधिक थंडी हवी. बर्फात मीठ मिसळले की तो शून्याच्या खालीच वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता डब्यातील दुधातून ओढून घेतो. मीठ व बर्फ यांचे प्रमाण नेमके साधले तर पारा उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकतो. थंडी निर्माण करण्यासाठी क्षाराचा उपयोग आपल्या देशास नवा नाही. अकबराच्या दरबारी सोऱ्याने पाणी गार करीत, असे 'ऐने अकबरी'त नमूद आहे. दांडा फिरवून आइस्क्रीम करण्याच्या यंत्राचे पेटंट मात्र अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या स्त्रीने 1843 साली घेतले. आपल्याकडील लाकडी बादलीचा पॉट हा त्याच कुळातला.

पॉटचा डबा दोन-तृतीयांशच भरावा, कारण घोटताना हवा शिरून मिश्रण फुगते. मिश्रण आदल्या रात्रीच तयार करून थंड ठेवावे. लादी गोणपाटात गुंडाळून फोडावी आणि पाच किलो बर्फास सुमारे एक किलो जाडे मीठ थरांनी घालावे. प्रारंभी दांडा सावकाश व अखंड फिरवावा, घट्टपणा येऊ लागला की वेग वाढवावा. वीस ते तीस मिनिटांत दांडा जड होतो. येथे मुलांना बोलवावे. या श्रमाची वाटणी करण्यासारखी दुसरी करमणूक नाही. बादलीचे भोक मोकळे ठेवावे, म्हणजे खारे पाणी झाकणापर्यंत चढत नाही. झाकण उघडण्यापूर्वी ते पुसून घ्यावे. एक थेंब खारे पाणी आत गेले तर सर्व मेहनत वाया जाते. नंतर पाते काढून, नवा बर्फ-मीठ घालून, गोणपाटाने झाकून तास-दीड तास मुरू द्यावे.

ज्यांच्याकडे पॉट नाही त्यांनी हिरमुसले होऊ नये. फ्रीजरमध्ये मिश्रण पसरट भांड्यात ठेवावे. कडा गोठू लागल्या की बाहेर काढून चांगले घोटावे आणि पुन्हा ठेवावे. पाऊण-पाऊण तासाने असे तीन वेळा केल्यास बर्फाचे खडे मोडतात. पॉटची मऊ पोत पूर्णपणे येत नाही, पण फळाची चव तीच राहते.

आता कस्टर्डाचे तिसरे काम. भगिनींनो, माझ्या भाषणातील एवढा एकच भाग आपण लक्षात ठेवलात तरी मी कृतार्थ होईन. थंडीने जंतू मरत नाहीत. ते निजतात, आणि पोटात गेल्यावर जागे होतात. आपल्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर डोळ्यांसमोर पिळलेल्या धारोष्ण दुधाचा आपणास अभिमान आहे. ते दूध निर्भेळ असेल. पण निर्भेळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. कच्चे दूध किंवा कच्ची साय आइस्क्रीमात घालू नये. दूध आटवताना ते उकळतेच. साय वरून घालावयाची ती तापवलेल्या दुधावरची किंवा पाश्चराइज केलेली असावी. मंडळींच्या ताटात पडणारा पदार्थ शेकडो हातांतून जातो, आणि त्यात लहान मुले व वृद्ध यांनाच अपाय आधी होतो. बर्फाचेही तेच. महाराष्ट्रात 2018 साली अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचा नियम झाला; तसला बर्फ पॉटच्या बाहेर चालेल, पण सरबताच्या पेल्यात नव्हे, आणि डब्याच्या आत तर मुळीच नव्हे. उरलेले वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठवून दुसऱ्या दिवशी वाढण्याची काटकसरही करू नये.

बाजारातून आणावयाचेच झाले, तर वेष्टनावरील अक्षरे वाचावीत. आपल्या देशातील नियमानुसार साध्या आइस्क्रीमात किमान दहा टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो. 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहिले असेल तर त्यात वनस्पतिजन्य चरबी असते. ते विष नव्हे, परंतु पंक्तीत त्यास आइस्क्रीम म्हणून वाढणे खरेपणाचे नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. कस्टर्ड बेताच्या दुधाची आणि अर्ध्या कच्च्या फळाची लाज झाकते. ते काढले की झाकण्यास काही उरत नाही. दूध कसदार, फळ पिकलेले आणि हात स्वच्छ असावे लागतात. खर्च फारसा वाढत नाही, लक्ष मात्र अधिक द्यावे लागते. आणि त्याचा मोबदला असा की, वाढणाऱ्या मुलास "यात काय आहे?" असे कोणी विचारले, तर तो चार शब्दांत उत्तर देऊ शकतो : दूध, साय, साखर आणि फळ. पुढील वर्षाच्या संमेलनात महिला शाखेने हे आइस्क्रीम स्वतः करून वाढावे, दांडा फिरविण्याचे काम तरुण मंडळाकडे द्यावे आणि पहिली वाटी सर्वांत वडील माणसाच्या हाती द्यावी, अशी सूचना मी मांडते.