परतलेल्या व्यवहाराचा शोध

एका खात्यातून रक्कम वजा व्हावी आणि दुसऱ्या खात्यात ती जमा होऊ नये, तर हिशेब कोलमडेल. म्हणून रिलेशनल डेटाबेसमध्ये या दोन्ही नोंदी मिळून एकच व्यवहार मानला जातो. तो संपूर्ण तडीस जातो, अथवा आरंभीच्या स्थितीला परततो. या परतण्यास रोलबॅक म्हणतात.

कित्येकदा मात्र व्यवहार का परतला हेच उमगत नाही. कर्मचारी नोंद केल्याचे सांगतो आणि नोंद तर आढळत नाही. अशा वेळी त्याच्यावर ठपका ठेवण्यापूर्वी यंत्रणेचा लॉग वाचणे अगत्याचे आहे.

पोस्टग्रेस प्रणालीत व्यवहारातील एक आज्ञा चुकली की सामान्यतः पुढील आज्ञा नाकारल्या जातात. शेवटी ‘कमिट’ म्हटले, तरी प्रत्यक्षात रोलबॅकच होतो. मूळ कारण शोधायचे ते पहिल्या त्रुटीत.

दुसरे कारण डेडलॉक. दोन व्यवहार परस्परांनी अडविलेल्या नोंदींची वाट पाहत बसतात. तेव्हा प्रणाली त्यांपैकी एक परतविते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये याची खूण १२०५ हा त्रुटिक्रमांक होय. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये डेडलॉक झाल्यास संपूर्ण व्यवहार परततो. परंतु प्रतीक्षेची मुदत, मूळ मांडणीनुसार ५० सेकंद, संपल्यास केवळ ती एक आज्ञा रद्द होते.

यावर उपाय साधे आहेत. सर्व व्यवहारांनी नोंदी एकाच क्रमाने हाताळाव्यात, व्यवहार आटोपशीर ठेवावेत आणि डेडलॉकनंतर संपूर्ण व्यवहार पुन्हा करावा. रोलबॅकमुळे हिशेब शाबूत राहतो. त्याचे कारण शोधले, तर निरपराध कर्मचाऱ्यावरील आळही टळतो.