पाना कुणाच्या हातात?

(किनारपट्टीवरच्या महिला गटांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



आज मी शिडाच्या नौकेबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात पिठाच्या गिरणीपासून करते.

चार वर्षांपूर्वी आमच्या एका बचत गटाला योजनेतून गिरणी मिळाली. नारळ फुटला, फोटो निघाले. दोन महिन्यांनी गिरणीचा पट्टा तुटला. गटात अकरा बाया, बारावी मी, समाजकार्याची पदवीधर. गिरणीचं झाकण उघडायला एकीनंही हात लावला नाही. तालुक्याहून माणूस यायला अकरा दिवस लागले. त्यानं पट्टा बदलला वीस मिनिटांत. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीकडे गेलं होतं. सक्षमीकरणावर तासन्‌तास बोलणारी मी त्या वीस मिनिटांत मान खाली घालून उभी होते.

त्यानंतर 'तारिणी'बद्दल वाचायला लागले. तुम्हीही ऐकलं असेल. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेली, छप्पन्न फुटांची शिडाची नौका. १० सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहाजणी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरा घालून २१ मे २०१८ ला परत आल्या. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्तिका जोशी या तांडेल. एकवीस हजारांहून जास्त सागरी मैल. सोबत पुरुष एकही नाही.

वर्तमानपत्रांनी त्यांच्या धाडसाचं कौतुक केलं. ते खरंच आहे. दक्षिणेकडच्या समुद्रात डोंगराएवढ्या लाटा आणि तुफानी वारा त्यांनी झेलला. पण मला वेगळाच हिशेब दिसला. २५४ दिवसांच्या या सफरीत १९९ दिवस समुद्रात गेले आणि ५५ दिवस बंदरात. बंदरातले हे दिवस काय नुसते फिरण्याचे होते?

शिडाच्या नौकेवर रोज काहीतरी मोडतं. खारं पाणी लोखंड खातं. दोर घासून घासून झिजतात. उन्हानं शिडाची शिवण कुजते. इंजिनात घाण तेल जातं, पंप तुंबतो. भर समुद्रात तालुक्याहून माणूस येत नाही. हाताशी असेल त्यावर भागवायचं आणि किनारा लागला की यादी काढायची. डोलकाठी वरपासून खालपर्यंत तपासायची, शिडं शिवायची, दोर बदलायचे, पाणी आणि शिधा भरायचा. हे झाल्याशिवाय नांगर उचलायचा नाही. पाहुणचार, भेटीगाठी, गाव बघणं या कामांच्या मधूनमधून. या सहाजणी आधी दिलीप दोंदे यांच्या हाताखाली शिकल्या. २००९-१० मध्ये एकट्यानं शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नुसतं सुकाणू धरायला शिकून भागणार नव्हतं, नौका दुरुस्त करणंही त्यात आलंच.

त्यांचे मुक्काम पाहा. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, मग न्यूझीलंडमधलं लिटल्टन. या लिटल्टनच्या टेकडीवर १८७६ पासून एक मनोरा होता. त्यावरचा गोळा ठरल्या वेळी खाली यायचा आणि त्यावर जहाजांची घड्याळं लावली जायची. २०११ च्या भूकंपांत तो कोसळला. तारिणी तिथे पोचली तेव्हा गावानं तो अजून पुन्हा उभा केला नव्हता. नौका दुरुस्तीला लागलेली आणि गावही! टेकडीपलीकडे क्राइस्टचर्च. केट शेपर्ड तिथेच राहायच्या. त्यांच्या चळवळीमुळे न्यूझीलंडच्या बायकांना १८९३ मध्ये मताचा हक्क मिळाला.

पुढे केप हॉर्नचं भूशिर ओलांडून फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली. तेव्हा अडीच हजारांच्या आसपास वस्ती, पत्र्याची रंगीत छपरं, चर्चच्या आवारात देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान. एकोणिसाव्या शतकात केप हॉर्नच्या वादळात मोडलेली जहाजं याच बंदरात दुरुस्तीला यायची. दुरुस्तीवर जगलेलं गाव म्हणा ना! तिथून केप टाउन.

केप टाउनहून गोव्याकडे येताना सुकाणूत बिघाड झाला. ठरलेला नसताना एप्रिल २०१८ मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबावं लागलं. त्याच बंदराच्या काठावर आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून गिरमिटी मजूर तिथे उतरवले गेले. त्यांत आपल्या रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडची माणसं होती, बायाही होत्या. शिडाच्या जहाजांतून आलेल्या त्या बायांना जहाज कुठे चाललंय हे तरी कुणी धड सांगितलं असेल का? आज त्यांच्या वंशजांच्या मुलांना तिथे शाळेत मराठी शिकता येतं, गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. त्याच बंदरात या सहाजणी आपल्या नौकेचं सुकाणू दुरुस्त करून घेऊन, कधी निघायचं ते ठरवून निघाल्या. बाई जहाजावर असणं आणि जहाज बाईच्या हातात असणं यात किती अंतर आहे, ते मला या एका बंदरावरून कळलं.

आता गंमत ऐका. ज्या काळात या सहाजणी जग फिरून आल्या, त्याच काळात युद्धनौकांवर बायकांच्या नियमित नेमणुका होत नव्हत्या. नौदलातल्या बायकांच्या कायम नेमणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. त्यात रशियन बनावटीच्या जहाजांवर बायकांसाठी स्वच्छतागृहांची सोय नाही, असंही कारण पुढे आलं. १७ मार्च २०२० च्या निकालात न्यायालयानं ते मानलं नाही. हे कारण तुमच्या ओळखीचं आहे ना? कारखान्यात, बाजारात, पोलीस ठाण्यात हेच ऐकतो आपण. सोय नाही म्हणून बाई नको, आणि बाई नाही म्हणून सोय नको.

तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, ही सैन्याची नौका, सरकारचा पैसा, शिकलेल्या अधिकारी मुली. आमचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. सैन्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते राहू देत. मासळी आणायला पहाटे बंदरावर जाणाऱ्या आपल्या बायांना आजही कित्येक गावांत होडीवर चढू देत नाहीत, हेही मी विसरलेले नाही. त्यांच्यासाठी कुणी तारिणी बांधलेली नाही.

पण त्या सहाजणींकडून एक गोष्ट घेता येते. त्यांच्या हाती नौका दिली तेव्हा पानाही दिला, आणि तो चालवायला शिकवलं. २०२४-२५ मध्ये त्याच नौकेतून के. दिलना आणि ए. रूपा या दोघीच जगाला फेरा घालून आल्या. दोघींतली एक झोपली असताना काही मोडलं तर दुसरीनं काय करायचं? पाना उचलायचा!

आपल्याला मात्र गिरणी मिळते, शिलाई मशीन मिळतं, शीतपेटी मिळते, पाना मिळत नाही. यंत्र आपलं आणि ते बंद पडलं की आपण दुसऱ्याच्या. घरातही तेच. मोडलेलं शिवायचं, सांधायचं, निभावून न्यायचं हे बाईनं करायचं. पण लोखंडाला हात लागला की ते पुरुषाचं काम!

म्हणून या शिबिरात एक ठराव मांडते. यापुढे योजनेतून यंत्र घेताना गटानं तीन गोष्टी लेखी मागायच्या. अवजारांची पेटी, गटातल्या किमान दोघींना दुरुस्तीचं शिक्षण, आणि सुट्या भागांसाठी वेगळी रक्कम. मिळाल्या नाहीत तर सही करायची नाही.

आमच्या गिरणीचा पट्टा गेल्या वर्षी पुन्हा तुटला. गटातल्या दोघी त्या माणसाकडून शिकून घेतलेल्या. त्यांनी पाऊण तास घेतला, एकीचं बोट सोलवटलं, आणि संध्याकाळी दळण सुरू झालं. मी दिवा धरला होता. पुढच्या वेळी पाना माझ्या हातात असेल.