नाव झाकणारे आणि नाव उघडे पाडणारे
(गणेशोत्सवात कार्यकारिणीच्या वतीने झालेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावर आपण पाहुण्यांचे व्याख्यान ऐकतो. यंदाची एक संध्याकाळ कार्यकारिणीने मुद्दाम मागून घेतली, कारण आम्हाला एक चूक कबूल करायची आहे.

नाव झाकून लिहिणे आपल्याला नवे नाही. गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये त्यांची शतपत्रे आली ती 'लोकहितवादी' या नावाने. १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने बालविवाहाविरुद्ध पत्रे छापून आली. ती रखमाबाईंची होती. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' निघाले. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातले त्यात लिहिले होते. गदारोळ झाला. पुस्तकात काय आहे, यापेक्षा 'ही बाई कोण' याचीच चौकशी जास्त! त्या बाई म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, पेशाने शिक्षिका. तेव्हा नाव फुटते तर त्यांना काय सोसावे लागले असते, हे आपल्यातल्या आज्यांना विचारावे.

या तिघांनी स्वतःचे नाव झाकले ते बोलता यावे म्हणून. दुसऱ्या कोणाचे घर लोकांना दाखवून देण्यासाठी नव्हे.

आता आमची चूक. गेल्या वर्षी उत्सवाआधी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला. रोषणाईचे काम करणारा एक जण आगाऊ रक्कम घेऊन पळाला, असा मजकूर. सोबत नाव, मोबाइल नंबर आणि दुकानाचा फोटो. मूळ लिहिणारा कोण, कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्यापैकी अनेकांनी तो पुढे पाठवला. आम्हीही पाठवला; वर 'सावध राहा' असे लिहून.

चौथ्या दिवशी तो माणूस संध्याकाळच्या आरतीनंतर मंडळात आला. त्याच नावाचा दुसराच कोणी तरी पळाला होता. नंबर आणि दुकान मात्र याचे. रात्री-अपरात्री शिव्यांचे फोन येत होते, हातातली दोन कामे गेली होती. चपला दाराबाहेर काढून तो उभाच राहिला. म्हणाला, "फोन मेरी बेटी उठाती है. उसे क्या समझाऊँ?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आम्ही खुलासा टाकला. पण चोर सापडल्याची बातमी जितकी धावते, तितकी चोर नसल्याची धावत नाही.

याचे टोक कुठे जाते, तेही पाहू. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातले राईनपाडा. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने ठार मारले. अफवा पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपण लोकांना सावध करतो आहोत, असेच वाटले असणार. आम्हालाही तसेच वाटले होते.

कोणी म्हणेल, मग फसवणूक झाली तर गप्प बसायचे का? मुळीच नाही. पोलिसांत तक्रार करावी. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. तिथे तक्रारदाराला आपले नाव द्यावे लागते आणि समोरच्यालाही आपली बाजू मांडता येते. ग्रुपवर या दोन्ही गोष्टी नसतात. तिथे आरोप करणारा अंधारात आणि ज्याच्यावर आरोप तो भर चौकात.

म्हणून कार्यकारिणीने ठरवले आहे: मंडळाच्या ग्रुपवर कोणाचाही नंबर, पत्ता किंवा फोटो आरोपासह टाकला जाणार नाही. ज्याला तक्रार करायची आहे त्याने कार्यालयात यावे. पोलीस ठाण्यापर्यंत आम्ही सोबत येऊ. आणि नाव न सांगता कोणाला आपले दुःख किंवा मंडळाची चूक मांडायची असेल, तर कार्यालयाबाहेर पेटी ठेवली आहे. ती चिठ्ठी कोणी लिहिली, याचा शोध घेतला जाणार नाही.

यंदाची रोषणाई त्याच गृहस्थांनी केली आहे. आम्ही विचारले तेव्हा त्यांनी दोन दिवस विचार केला, मग होकार दिला. आज ते मुलीला घेऊन आरतीला आले आहेत. त्यांचे नाव आम्ही इथे घेणार नाही; पुरेसे घेऊन झाले आहे. सभेनंतर ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला होता, त्यांनी आमच्यासोबत त्यांच्याकडे यावे, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!