तीनदा जळलेली, तीनदा उभी राहिलेली मशीद

आज श्रीनगरच्या जामा मशिदीबद्दल बोलू या. फौजेतल्या नोकरीमुळे काश्मीरशी माझा संबंध आला. आपली माणसं तिथे जातात, दल सरोवर, गुलमर्ग पाहतात. जुन्या शहरातल्या नौहट्ट्याकडे मात्र फारसं कोणी वळत नाही.

सुलतान सिकंदरने १३९४ मध्ये हे बांधकाम सुरू केलं, १४०२ मध्ये ते पुरं झालं. पुढे त्याचा मुलगा झैन-उल-आबिदीन याने ते वाढवलं. दिल्लीच्या जामा मशिदीसारखे घुमट इथे शोधू नका. मधोमध चौकोनी अंगण, त्यात कारंजं आणि चिनार. चारही बाजूंना विटांच्या भिंती आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर उंच, निमुळतं छप्पर. अंगणाची आखणी इराणी, पण छप्पर अस्सल काश्मिरी. बर्फ साचू नये, घसरून पडावा, म्हणून ते उतरतं.

आत ३७८ खांब आहेत, सगळे देवदाराचे. बहुतेकांची उंची सुमारे २१ फूट. उंच छपरांखालचे ३२ खांब मात्र ४८ फुटांच्या घरातले. ओल चढू नये म्हणून खाली दगडी तळखडे. देवदाराच्या अंगच्या तेलामुळे त्याला कीड सहसा लागत नाही. पण आगीपुढे त्याचा इलाज चालत नाही.

१४७९, १६२० आणि १६७४, अशा तीन वेळा ही मशीद जळाली. पहिल्यांदा काश्मीरचे सुलतान, मग जहांगीर, मग औरंगजेब. राज्यकर्ते बदलले, पण प्रत्येक वेळी ती पुन्हा लाकडातच उभी राहिली. तिसऱ्या आगीची बातमी ऐकून औरंगजेबाने आधी चिनारांची चौकशी केली, अशी एक आख्यायिका आहे. मशीद पुन्हा बांधता येते, जुना वृक्ष नाही. शीख राजवटीत १८१९ पासून वीसहून अधिक वर्षं तिला कुलूप होतं. तेही उघडलं.

पुण्याचा शनिवारवाडाही लाकडाचाच होता. १८२८ मध्ये तो जळाला आणि उरली ती दगडी जोती, तट आणि दरवाजे. बांधणारे कारागीर तेव्हाही असतील. पण पेशवाई गेली होती, वाड्यात पेशवे नांदत नव्हते. मशिदीत मात्र नमाजाला येणारे लोक होते.

म्हणून सांगतो, वास्तू नुसत्या मजबुतीवर टिकत नाही. ती कोणाला तरी रोज लागावी लागते. श्रीनगरला गेलात तर नौहट्ट्याला जरूर जा. चपला काढा, नमाजाची वेळ सांभाळा आणि त्या खांबांमध्ये दोन मिनिटं शांत उभे राहा.

जय हिंद.