नैरोबीचं वडाप नकाशावर आलं तेव्हा

इअरफोन लावलेत ना? आज जायचंय केनियाच्या राजधानीत, नैरोबीला.

माझं रोजचं काम बसच्या वेळापत्रकांच्या डेटाचं. त्यात दोन गोष्टी गृहीत असतात: थांबा ठरलेला, वेळ ठरलेली. नैरोबीत दोन्हींचा भरवसा नाही. तिथे लोक मटाटूने फिरतात. मटाटू म्हणजे खासगी मिनीबस. आमच्या साताऱ्याकडचं वडापच समजा. भरली की सुटणार, हात केला की थांबणार.

हे शहर १८९९ साली रेल्वेच्या डेपोभोवती वसलं. ती रेल्वे बांधायला ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. पुढे वस्ती लाखांवर गेली, पण सरकारी बससेवा त्या वेगाने वाढली नाही. ती जागा मटाटूंनी भरली. शंभराहून जास्त मार्ग, आणि सगळ्यांचा मिळून एक नीट नकाशा नाही!

मग नैरोबी विद्यापीठ आणि अमेरिकेतली एमआयटी, कोलंबिया विद्यापीठं यांनी मिळून ‘डिजिटल मटाटूज’ प्रकल्प केला. विद्यार्थी फोन घेऊन मटाटूत बसायचे, जीपीएस चालू ठेवायचे, थांबे टिपायचे. असे साधारण १३० मार्ग नोंदवले. आम्ही बसच्या डेटासाठी जीटीएफएस नावाचा फॉरमॅट वापरतो. तोही त्यांनी मटाटूच्या तऱ्हेप्रमाणे वाकवला. २०१४ मध्ये नकाशा आणि डेटा सगळ्यांना फुकट खुला झाला. पुढच्या वर्षी मटाटू गूगल मॅप्सवर!

नकाशात काय दिसलं? बरेचसे मार्ग शहराच्या मध्यभागीच येऊन मिळतात. म्हणजे या टोकाहून त्या टोकाला जायचं, तरी मधल्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं. लोकांना हे माहीत होतंच. आता ते कागदावर दाखवता येत होतं.

२०२२ मध्ये तिथे २७ किलोमीटरचा एक्सप्रेसवे सुरू झाला, टोलवाला. गाडीवाल्यांची सोय झाली. पण बहुतेक नैरोबीकर आजही चालत किंवा मटाटूने जातात. म्हणजे नकाशावर आलं की पैसा येतोच असं नाही. पण नकाशावरच नसलं, तर मागणार कशाच्या जोरावर?

माझी आई दर आठवड्याला बाजाराला वडापनेच जाते. मी पाच वर्षं बसचा डेटा हाताळतोय आणि तिचा मार्ग माझ्या एकाही ॲपमध्ये नाही. पुढच्या सुट्टीत जीपीएस चालू करून तिच्या शेजारी बसणार आहे.

तुमच्याकडचं वडाप कुठून कुठे जातं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!